तिसऱ्या दिवशी, अकरा वाजता

फ्लॅट ४०३, अल नूर बिल्डिंग,
रोला, शारजा
शुक्रवार, ९ मार्च २००१

चि. अर्चना,

छन् छन्. छन् छन्. आधी घाटीच्या पायथ्याशी, अगदी बारीक. मग वडाच्या वळणावर आवाज थांबायचा, कारण तिथं तुझे आजोबा दम खायला टेकायचे. आणि मग एकदम अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी, मोठ्यानं. डाकेच्या रनरच्या काठीला बांधलेले घुंगूर. तू ते ऐकले नाहीस; तुझ्या जन्माआधीच टपाल एसटीनं यायला लागलं होतं. आमच्या लहानपणी मात्र तो आवाज आला की अख्खी वाडी हातातलं काम टाकून रस्त्याशी यायची, आणि मी सगळ्यांच्या पुढे, कारण येणारा माणूस माझा बाप होता.

काल दुपारी इथं चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीतून, तो आवाज आला. मी उठून दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई किल्ल्यांचा जुडगा चाचपत उभी होती. "यस अंकल?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, आणि दार लावून घेतलं. मग मनात आलं, आता तुला लिहायलाच हवं.

तुझा पत्ता हाफिजानं दिला. तुझ्याबरोबर नर्सिंगला होती ती, दापोलीकडची. इथल्या क्लिनिकमध्ये माझी साखर तपासताना कार्डावरचं नाव वाचून म्हणाली, "तुम्ही अर्चनाचे अण्णा? पोस्टमन अण्णा?" हे दोन शब्द तू कधीतरी कुणापाशी तरी उच्चारलेस, एवढ्यावर मी चार दिवस काढले. तू तिथं मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळतेस असंही कळलं. हाफिजा मागच्याच आठवड्यात नोकरी सोडून कायमची गावी गेली. जाताना म्हणाली, काका, फोन करा ना. मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून नंबर घेतलाच नाही. आणि घरच्या फोनवर तर नाहीच.

आता कामाचं. तुझ्या भावाला, सूर्यकांतला, त्याच्या कंपनीनं जुलैत ट्रेनिंगला न्यूयॉर्कला बोलावलंय. त्याच्या मुलीला, दियाला, सुट्टी आहे, तेव्हा सगळेच जातायत, आणि म्हाताऱ्याला एकटं कुठं ठेवणार म्हणून मलाही नेतायत. जेवताना त्यानं विचारलं, "अण्णा, तीन दिवस मोकळे आहेत. तुम्हाला काय बघायचंय? नायगारा?" मी म्हटलं, फिलाडेल्फिया. त्याचा घास तसाच राहिला. "तिथं काय आहे?" मी म्हटलं, घंटा आहे, त्यांच्या स्वातंत्र्याची, तडकलेली. दिया म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ ब्रोकन बेल." पण मग खोलीत जाऊन तिनंच इंटरनेटवरून त्या घंटेचं चित्र छापून आणलं.

तू तिथं आहेस हे सूर्यकांतला माहीत नाही. अमेरिकेत कुठंतरी आहेस, एवढंच त्याला ठाऊक.

घंटेचं खोटं नाही हं. बेचाळीस सालात आमच्या शाळेत दगडू मास्तर होते. गुडघ्यापर्यंत धोतर, आवाज मात्र भरलेल्या विहिरीसारखा. त्यांनी त्या घंटेवर स्वतः कविता केली होती आणि आम्हाला दाराला कडी लावून शिकवली होती. सगळी आठवत नाही. शेवट आठवतो:

तडकली जरी काया, नाद राहिला पोटात;
न वाजता ऐकू येते घंटा दूरच्या देशात.

आम्ही बाकांवर ताल धरून म्हणायचो. साठ वर्षं होत आली, ती घंटा पाहायची राहून गेली आहे. तेव्हा तुला भेटायला येतोय असा अर्थ घेऊ नकोस. सात, आठ आणि नऊ जुलै असे तीन दिवस मी तुझ्या गावात असेन, एवढंच कळवतो. तुझं एक जुनं काम माझ्याकडे राहिलं आहे, ते समक्ष होईल तर बरं.

उत्तर घरच्या पत्त्यावर घाल, वर लिहिला आहे तसा. सूर्यकांतच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स आहे, पण तिथलं टपाल कारकून फोडतो आणि त्याच्या टेबलावर ठेवतो. सूर्यकांतला आपल्यातलं सगळं माहीत नाही. माहीत होऊ नये असं वाटतं.

अण्णा


फ्लॅट ४०३, अल नूर बिल्डिंग,
मोठ्या मशिदीच्या मागे, रोला, शारजा
शुक्रवार, ६ एप्रिल २००१

चि. अर्चना,

तुझं उत्तर वाटेत असेल. मी दिवस मोजत नाही, पण जायला अकरा-बारा, यायला तेवढेच, म्हणजे आज-उद्यात यायला हरकत नाही.

तोवर बेत सांगतो. दियानं छापलेल्या कागदांची मी सुतळीनं वही शिवली आहे. पहिल्या दिवशी घंटा, आणि समोरच ती विटांची इमारत, जिथं त्यांनी आपला स्वातंत्र्याचा कागद वाचला. दुसऱ्या दिवशी एक गल्ली आहे, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी, तीनशे वर्षं लोक तिथं राहतायत. खिडक्यांना रंगीत फळ्या आहेत. सूनबाईला बाजार बघायचाय, तो त्याच दिवशी दुपारी. मी नकाशावर पेन्सिलीनं रेघा मारल्यात. घंटेपासून गल्लीपर्यंत माझ्या चालीनं वीस मिनिटं. उन्हाळा असला तरी शारजाचा नव्हे, तेव्हा जमेल.

आणि तिसरा दिवस. अर्चना, त्या गावात एक जुनं पोस्ट ऑफिस आहे, तिथं अजून हातानं शिक्का मारतात. मशीन नाही. माणूस शिक्का उचलतो, शाईच्या गादीवर टेकवतो आणि तिकिटावर ठोकतो. कागदावर हे वाचलं तेव्हा माझ्या उजव्या मनगटात कळ आली. हसू नकोस. अडतीस वर्षं नोकरी केलेलं मनगट आहे.

तर तिसऱ्या दिवशी, नऊ जुलैला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, मी त्या पोस्टात काउंटरपाशी उभा असेन. सूर्यकांतला सांगेन, तुम्ही दुकानं बघा. तुला वाटलं तर ये.

मागच्या आठवड्यात दुबईला व्हिसासाठी जाऊन आलो. सूर्यकांतनं अल क्वोजच्या गोडाउनातून अर्धा दिवस सुट्टी काढली, त्यामुळे वाटेत तो ट्रॅफिकवर आणि माझ्या सावकाशपणावर सारखाच चिडलेला. "अण्णा, यल्ला, चला, नंबर जाईल." काचेमागच्या गोऱ्या मुलीनं विचारलं, फिलाडेल्फिया का? दियानं घरी शिकवलं होतं, सांगायचं 'टूरिझम'. मी म्हटलं, "बेल." ती हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळाला. मला आयुष्यात एवढ्या सहज काही मिळालं नव्हतं.

आपल्या दारावर मी पत्र्याचा डबा बसवलाय, बिस्किटांचा होता. वर फट पाडली, नाव रंगवलं. घरात सांगितलं, जाहिरातींसाठी आहे, कुणी दारात पसारा टाकू नये म्हणून. माझी पत्रं खैरुद्दीन पोस्टात टाकतो. खाली त्याची ग्रोसरी आहे, म्हसळ्याचा माणूस. मागचं पाकीट उलटसुलट बघून म्हणाला, "चाचा, तुमचा बॉक्स नंबर नाय लिवला? हितं सगळ्यांचा बॉक्स असतो." मी म्हटलं, बाबा, बॉक्स व्यापाऱ्यांचे. मी अडतीस वर्षं घरोघर टपाल वाटलंय, पत्ता कसा लिहितात ते मला नको सांगू. त्यानं पाकीट गल्ल्याशेजारी ठेवून दिलं. मोठ्यांना उलट बोलत नाही, गुणी आहे.

तू मनात त्र्याऐंशी सालचं ते पत्र धरून बसली असशील, तर एवढंच म्हणतो, त्या जूनमध्ये पाऊस फार होता. थैल्या भिजायच्या. एखादं पाकीट मागेपुढे होतं.

अण्णा


फ्लॅट ४०३, चौथा मजला, लिफ्टमधून आल्यावर डाव्या हाताला, अल नूर बिल्डिंग,
मोठ्या मशिदीच्या मागे, खाली खैरुद्दीनची ग्रोसरी, रोला, शारजा
शुक्रवार, ४ मे २००१

चि. अर्चना,

या देशातल्या पोस्टमनबद्दल माझं मत चांगलं राहिलेलं नाही. दोन महिन्यांत मी एकाला पाहिलेलं नाही. सकाळी दहापासून मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. लिफ्ट आली की आत कोण आहे ते कळतं आता, पावलांवरून. दूधवाला, समोरच्यांचा ड्रायव्हर, झाडूवाला. डबा रोज भरतो. पिझ्झा, पिझ्झा, पडदे धुऊन मिळतील, पिझ्झा. मला वाटलं पत्ता सापडत नसेल, म्हणून या वेळी नीट लिहिलाय. आपल्याकडे मी "खालच्या आळीत, फणसाशेजारी, आंधळ्या म्हातारीच्या नातवास" एवढ्यावर पत्र पोचवलं आहे.

की दोष पोस्टमनचा नाहीच?

मागच्या पत्रात पावसाचं लिहिलं ते रात्रभर टोचत राहिलं. दगडू मास्तर म्हणायचे, कवितेत एक अक्षर खोटं बसवलं की सगळा ताल लंगडतो. तेव्हा आता सरळ लिहितो.

पत्र भिजलं नव्हतं. सोळा जून, गुरुवार. थैलीत तपकिरी पाकीट, दिल्लीच्या कॉलेजचा छाप, वर तुझं नाव. आत काय आहे ते कळायला फोडायची गरज नव्हती. तुझी आई तेव्हा अंथरुणावर होती. तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं, सगळं तूच करायचीस. सूर्यकांत मुंबईला खोली शोधत होता. मी सकाळी थैली घेऊन निघायचो तो दिवेलागणीला यायचो. वडाच्या वळणावर मी टेकलो, माझा बाप टेकायचा तिथंच, आणि ते पाकीट खाकी डगल्याच्या आतल्या खिशात घातलं. ठरवलं, चार दिवसांनी देतो, तुझ्या आईला जरा उतार पडू दे. चार दिवसांनी पुन्हा चार दिवस. मग तारीख टळली.

ऑगस्टात ती गेली. मी सुतकात होतो, म्हणून बदलीवरचा पोस्टमन आला आणि त्यानं तुझ्या हातात कॉलेजचं दुसरं पत्र ठेवलं: आमच्या पत्राला उत्तर न आल्यामुळे आपली जागा दुसऱ्या मुलीस दिली आहे. तू ते माझ्यापुढे धरलंस. "अण्णा, पहिलं कुठंय?" आणि मी, आईच्या दिव्यासमोर बसून, म्हणालो, "आलंच नसेल."

तू काही भांडली नाहीस. तेराव्यानंतर पिशवी भरलीस आणि दारात म्हणालीस, "ह्यापुढे तुमच्या हातून आलेलं काहीही मी उघडणार नाही."

तेव्हा ही पत्रंही तू उघडत नसशील. उशीखाली नाही, कचऱ्यात नाही, कुठंतरी फळीवर न फोडता पडून असतील. मला तेही चालेल. पण मग हे मी कुणाला सांगतोय?

सूर्यकांतला यातलं काहीच माहीत नाही. त्याला वाटतं, आई गेल्यावर तू आम्हाला टाकून गेलीस. सतरा-अठरा वर्षं तो तुझ्यावर रागावलेला आहे आणि मी ते ऐकत आलो आहे.

अण्णा


फ्लॅट ४०३, चौथा मजला, डाव्या हाताला, दाराशी निळं पायपुसणं, दारावर पत्र्याचा डबा,
अल नूर बिल्डिंग, मोठ्या मशिदीच्या मागे, खैरुद्दीनच्या ग्रोसरीवर, रोला, शारजा
शुक्रवार, १ जून २००१

अर्चना,

अजून काही नाही.

घरात सगळं ठरतंय आणि मी मध्ये बसलेला असतो. सूर्यकांत हॉटेलांचे भाव डॉलरमध्ये वाचतो, सूनबाई दिरहम करते, मी मनात रुपये करतो आणि तिघं तीन वेळा गप्प होतो. मला नवे बूट आणलेत, मऊ तळाचे. ते घालून मी संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतो. बाहेर पाऊल टाकवत नाही, हवा भट्टीसारखी. लिफ्टपासून जिन्यापर्यंत बेचाळीस पावलं. घंटा ते गल्ली म्हणजे अशा अडतीस फेऱ्या. परवा एकोणतिसाव्या फेरीला भिंत धरून उभा राहिलो. दिया खेळून येत होती. "आजोबा, आर यू ओके?" मी म्हटलं, कविता आठवत होतो. तिला खरं वाटलं, कारण मी नेहमीच आठवत असतो.

पण पायांचं काही नाही, पाय नेतील. मला भीती वेगळीच आहे. समज, मी त्या पोस्टात काउंटरपाशी उभा आहे. अकरा वाजले, सव्वाअकरा, बारा. माणूस शिक्के मारतोय. आणि सूर्यकांत येऊन म्हणतो, "चला अण्णा, झालं का बघून?" आणि मी म्हणतो, झालं. ते मला झेपणार नाही, अर्चना. घरी बसून तू आली नाहीस हे सोसता येतं. तुझ्या गावात उभं राहून नाही.

म्हणून विनवतो. एकच ओळ लिही. या म्हण, नाहीतर येऊ नका म्हण. सूर्यकांतनं वीस जूनपर्यंत ट्रॅव्हल एजंटला पक्कं सांगायचंय. त्याआधी तुझी ओळ आली तर मी येईन. नाही आली तर माझं नाव काढायला सांगेन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. माझ्यात दुसरी ताकद नाही.

आणि ते जुनं काम काय ते आता सांगूनच टाकतो. ते तपकिरी पाकीट माझ्याजवळ आहे. फोडलेलं नाही. जाळायला दोनदा चुलीपाशी नेलं होतं, हात धजला नाही. दुसऱ्याचं टपाल आहे ते. डगल्यातून ट्रंकेत, ट्रंकेतून पासपोर्टच्या पाकिटात, तसंच शारजाला आलं. अडतीस वर्षांत माझ्या थैलीतलं एवढं एकच पत्र पोचवायचं राहिलं. घंटा ही सबब होती, पोरी. मला ते तुझ्या हातात द्यायचंय. घेऊन लगेच फाडून टाकलंस तरी चालेल, पण हातात.

अण्णा


शारजा
शुक्रवार, २९ जून २००१

अर्चना,

वीस तारीख गेली. मी आणखी दोन दिवस ओढले. मग सूर्यकांतला म्हटलं, माझे पाय चालणार नाहीत, तुम्ही जा.

तो आधी हसला, मग चिडला. व्हिसा काढला, बूट घेतले, फिलाडेल्फिया तुमच्यासाठी घातलं, आता तिकडच्या हॉटेलचं बुकिंगसुद्धा बदलता येत नाही, आम्ही तिथं ब्रोकन बेल बघत बसू काय? सूनबाई मधे पडली, राहू द्या, तब्येत सांभाळायला हवी. मग तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, तुम्हाला खरंच काय झालंय?" त्या वेळी सांगायला हवं होतं. तो ऐकण्याच्या तयारीत होता. मी म्हटलं, गुडघे. खलास. तो उठून गेला.

पाच तारखेला ते निघतात, लंडनला विमान बदलून. खैरुद्दीन दोन वेळा जेवण वर पाठवणार आहे आणि स्वतः येऊन बघून जाणार आहे. त्याच्या घरच्यांना माझी काळजी वाटते, असं म्हणाला. मला लाज वाटली.

दिया दोन दिवस बोलली नाही. काल माझ्या खोलीत येऊन वही उघडून बसली, माझ्या सुतळीच्या वहीची पानं उलटत. मग म्हणाली, "ओके, आय विल सी इट फॉर यू. टेल मी व्हॉट टु डू." तेरा वर्षांची आहे. तिला मी तिसरा दिवस समजावला. त्या पोस्टात जायचं, सकाळी अकराच्या सुमारास, तेव्हा गर्दी नसते असं सांगितलं. काउंटरवर पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, हातानं शिक्का मारा. पाकीट तिच्या स्वाधीन केलंय. वरचं पाकीट नवं, पांढरं. त्यावर तुझं नाव आणि पत्ता, माझ्या अक्षरात, इंग्रजीत आणि खाली मराठीत. आत ते तपकिरी, जसं होतं तसं. तुझ्याच गावात पडलं की दोन दिवसांत तुझ्या दारात येईल. मी नाही, पण शिक्का तरी हातचा असेल.

तिनं नाव वाचलं. "हू इज अर्चना?" मी म्हटलं, माझ्या टपालाच्या बिटातली एक मुलगी, तिचं एक पत्र राहिलं होतं. "पप्पांना सांगू?" हे तिनं मराठीत विचारलं. मी म्हटलं, नको. तिनं पाकीट स्वतःच्या बॅगेत, पुस्तकांच्या मधे ठेवलं. सांभाळून ठेवते ती वस्तू. आजीवर गेली आहे. तू तुझ्या आईवर गेलीस तशीच.

हे पत्र तुला पोचेल तोवर नऊ तारीख होऊन गेलेली असेल. तेव्हा हे उगाच आहे. सवयीनं लिहिलं.

अण्णा


शारजा
सोमवार, ९ जुलै २००१, संध्याकाळचे सात

अर्चना,

तिथं आता अकरा वाजले.

घर रिकामं आहे. त्यांचा फोन परवा आला होता, फिलाडेल्फियात पोचल्याचा. दिया म्हणाली, घंटा बघितली, तडा खूप मोठा आहे, जवळून बघितला तर हात आत जाईल असं वाटतं. हात लावू देत नाहीत. मी विचारलं, वाजते का? "नो, आजोबा. पण लोक एकदम शांत उभे राहतात." दगडू मास्तरांना हे सांगायला हवं होतं.

मी वही पुढे घेऊन बसलोय. तिसरं पान. पेन्सिलीची रेघ हॉटेलपासून निघते, दोन कोपरे वळते आणि पोस्टापाशी थांबते. माझं बोट त्या रेघेवरून चाललंय. मशिदीत अजान व्हायची आहे. खैरुद्दीननं पाठवलेली आमटी

बेल वाजते आहे. खैरुद्दीन असेल. आलो.

*

अर्चना, खुर्चीवर एक माणूस बसलाय, पाणी पितोय. तो पीत असताना लिहितो, कारण माझा हात थांबत नाही.

दार उघडलं तर खैरुद्दीन होताच, पण मागे. पुढे हा. पन्नाशीचा, घामानं भिजलेला सदरा, आधी खाली पायपुसण्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. "पोस्टमन अण्णा तुमीच?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "मी हमदुल्ला. हितल्या पोस्टात सॉर्टिंगला हाय. बाणकोटचा." आणि त्यानं खांद्याच्या पिशवीतून पाकीट काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

त्यानं सांगितलं ते असं. या देशात पोस्टमन नाही. घरी टपाल येतच नाही, कुणाच्याच. सगळं पेटीत. पेटीचा नंबर नसला की नियमाप्रमाणे शिक्का मारून परत. या पत्त्याची दोन पाकिटं अशीच अमेरिकेला परत गेली, एक एप्रिलात, एक मेअखेर. त्याला आठवतात, कारण दर खेपेस लांबत जाणारा असा पत्ता त्यानं कधी पाहिला नव्हता. खैरुद्दीन मागून म्हणाला, "चाचा, मी बोललो होतो." हळू म्हणाला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

हे तिसरं. यावर माझा सगळा पत्ता आहे, निळ्या पायपुसण्यासकट, इंग्रजीत. आणि खाली मराठीत तुझं अक्षर. सोबतच्यांना ती लिपी वाचता येईना, म्हणून कुणीतरी हमदुल्लाला हाक मारली. त्यानं मला वाचून दाखवलं, जसं मी लोकांना वाचून दाखवायचो:

"टपाल लावणाऱ्या भावास. माझी दोन पत्रं परत आली. पेटीचा नंबर माझ्याकडे नाही. या पत्त्यावरचे म्हातारे गृहस्थ अडतीस वर्षं पोस्टमन होते. ते दाराशीच बसलेले असतील. नऊ जुलैच्या आत पोचवाल तर उपकार होतील."

ड्यूटी संपल्यावर तीन दिवस तो रोलातल्या मशिदींच्या मागच्या बिल्डिंगा धुंडाळत होता. आज खैरुद्दीनच्या दुकानात विचारलं.

मी फोडलं. आत एक कागद. तू लिहिलंस, अण्णा, सगळी पत्रं उघडली, पहिल्या दिवशीच. वीस जूनच्या आत हे पोचणार नाही, तरी नऊ तारखेला सुट्टी घेतली आहे. अकराला येते. तुम्ही उभे राहू नका, तिथं बाक आहे, बसा.

हमदुल्लानं पेला खाली ठेवला आणि विचारलं, "अण्णा, उशीर झाला काय ओ?"

घड्याळात सात वाजून बारा मिनिटं झाली आहेत. हॉटेलचा नंबर सूनबाईनं फ्रिजवर चिकटवलाय, पण ते आता हॉटेलात नाहीत. खैरुद्दीन तरी फिरवतोय. तिकडे घंटी वाजतेय आणि कुणी उचलत नाही. तुझा नंबर कागदावर नाही. मी इथून ओरडलो तरी समुद्रापर्यंतसुद्धा जाणार नाही.

तू त्या बाकाशी असशील. दाराकडे बघत असशील, म्हातारा कधी येतो म्हणून. म्हातारा येणार नाही, अर्चना. मुलगी येईल. खांद्यापर्यंत केस, निळ्या पिना, दात जरा पुढे. बॅग पाठीवर नाही, पोटाशी धरते. काउंटरवर ती पांढरं पाकीट देईल आणि त्यावर माझं अक्षर असेल, तुला लांबूनही ओळखता येईल. शिक्का पडायच्या आत बघ. नाव दिया आहे तिचं. मराठी कळतं तिला.

हाक मार.